आठशे ग्रॅमचा हिशेब

जन्माला बहात्तर तास उलटायच्या आत बाळ मोजायचं, असा त्या कामाचा दंडक होता. १९९४ ते १९९६ या काळात पुण्याजवळच्या सहा खेड्यांत कुणाच्या घरी पाळणा हलला, की पुण्याच्या केईएम रुग्णालयाची माणसं वजनकाटा, मोजपट्टी आणि एक लहानसा चिमटा घेऊन पोचत. बाळाच्या पाठीवरची, दंडावरची कातडीची घडी त्या चिमट्यात अलगद धरून तिची जाडी मोजायची. म्हणजे कातडीखाली चरबी किती आहे ते कळतं. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चालवलेल्या या अभ्यासात बाईला दिवस राहायच्या आधीपासूनच नोंदी सुरू होत. तिची उंची किती, वजन किती, ती काय खाते, दिवसभर किती राबते, सगळं वहीत उतरत होतं.

पूर्ण दिवसांच्या ६३१ बाळांची ही मापं पुढे इंग्लंडमधल्या साउदम्प्टनच्या ३३८ गोऱ्या बाळांच्या मापांशेजारी ठेवली गेली. साउदम्प्टनच्या बाळांचं सरासरी वजन ३.५ किलो होतं, पुण्याकडच्या बाळांचं २.७ किलो. फरक आठशे ग्रॅमचा. मोठ्या माणसाच्या अंगावर आठशे ग्रॅम वाढले काय नि घटले काय, शेजाऱ्याला कळतही नाही. साडेतीन किलोच्या जिवात मात्र तो जवळजवळ चौथा हिस्सा आहे.

या फरकाला आपल्याकडे दोन उत्तरं तयार असतात. एक म्हणतं, आपली माणसं मुळातच लहानखुरी, बाळं तशीच होणार. दुसरं म्हणतं, आईच्या पोटात धड अन्न नाही, बाळाला कुठून मिळणार? पहिल्या उत्तरानं सगळा भार रक्तावर टाकला, दुसऱ्यानं ताटावर. दोन्हींत तथ्य आहे आणि दोन्ही अपुरी आहेत. ‘आईबाप मूळचे कुठले’ हा प्रश्न दिसतो एक, पण त्याच्या पोटात बरेच प्रश्न आहेत. दोघांकडून बाळाला आलेली जनुकं कोणती? आईचं शरीर कुठल्या मातीत, कसल्या दिवसांत घडलं? ती आत्ता राहते कुठे आणि तिथे तिला वागणूक कशी मिळते? हे प्रश्न सुटे केल्याशिवाय आठशे ग्रॅमचा हिशेब लागत नाही.

बी आणि जमीन यांतला फरक शेतकऱ्याला सांगावा लागत नाही. उत्तम बियाणं मुरमाड रानात टाकलं तर काय उगवतं हे त्यानं पाहिलेलं असतं. प्राण्यांच्या बाबतीत हाच प्रश्न इंग्लंडमध्ये केंब्रिजच्या वॉल्टन आणि हॅमंड या संशोधकांनी घोड्यांना विचारला. त्यांचं काम १९३८ साली प्रसिद्ध झालं. शायर ही अवजड ओझी ओढणारी अवाढव्य जात, आणि शेटलंड म्हणजे स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या बेटांवरचं बुटकं तट्टू. कृत्रिम रेतनाच्या मदतीनं त्यांनी दोन्ही बाजूंनी संकर केला. शायर घोडी आणि शेटलंड घोडा ही एक जोडी, शेटलंड घोडी आणि शायर घोडा ही दुसरी. दोन्हीकडच्या शिंगरांत निम्मं बीज शायरचं, निम्मं शेटलंडचं. तरीही जन्माच्या वेळी शायर घोडीचं शिंगरू शेटलंड घोडीच्या शिंगरापेक्षा सुमारे तिपटीनं जड होतं. बाप केवढाही असो, शिंगरू आईच्या मापाला बेतलेलं निघालं.

माणसात असा प्रयोग करता येत नाही, पण वैद्यकानं नकळत त्याच्या जवळ जाणारी परिस्थिती निर्माण केली. मूल होण्यासाठी दुसऱ्या स्त्रीचं बीज घेतात तेव्हा बीज एकीचं असतं आणि गर्भाशय दुसरीचं. अशा बाळांची वजनं तपासली तेव्हा ती बीज देणारीच्या वजनाशी जुळेनात, नऊ महिने पोटात वाढवणारीच्या वजनाशी जुळली. गर्भाच्या वाढीला आईचं शरीर एक मर्यादा घालतं. वार किती मोठी होते, तिच्यातून किती रक्त वाहतं, गर्भाशयाला पसरायला जागा किती, यांवर ती मर्यादा ठरते. पहिलटकरणीचं बाळ बहुधा पाठच्या भावंडांपेक्षा थोडं हलकं असतं तेही यामुळेच. आईबाप तेच, जनुकांचा साठा तोच, पण पहिल्या खेपेला ती वाट नवी असते.

ही मर्यादा आईनं नऊ महिन्यांत ठरवलेली नसते. तिची उंची तिच्या स्वतःच्या बालपणात ठरली. कमरेचा सापळा केवढा होणार हे वाढत्या वयात तिला काय मिळालं यावर अवलंबून राहिलं. ज्या बीजापासून आज तिचं बाळ घडलं ते बीज ती स्वतः तिच्या आईच्या पोटात असताना तयार झालं होतं, कारण मुलीची सगळी स्त्रीबीजं जन्माआधीच तयार होतात. आजीच्या पोटात नातवाची सुरुवात झालेली असते, हे अक्षरशः खरं आहे. ‘खाण तशी माती’ असं आपण मायलेकींबद्दल सहज म्हणून जातो. जन्मवजनाच्या अभ्यासकांना तीच गोष्ट पिढ्यानपिढ्यांच्या नोंदींत दिसते. जी बाई स्वतः कमी वजनाची जन्मली तिचं बाळही हलकं निघण्याची शक्यता जास्त असते.

मग बापाचं काय? बराच काळ जन्मवजनाच्या शास्त्रात बाप जवळजवळ गैरहजर होता. दवाखान्यात आईची उंची, वजन, रक्तगट, साखर सगळं लिहून घेत, बापाचं फक्त नाव. पण बाळाचं वजन हा एकच आकडा न बघता लांबी वेगळी आणि चरबी वेगळी बघितली, की बाप दिसू लागतो. इंग्लंडमध्ये एक्सेटर इथे आईबाप आणि बाळ अशा तिघांचीही मापं घेतली तेव्हा बापाच्या उंचीचं नातं बाळाच्या लांबीशी, म्हणजे हाडांच्या सांगाड्याशी आढळलं. अंगावरच्या चरबीशी आढळलं नाही. सांगाड्यात बापाचा वाटा उतरतो, आणि त्या सांगाड्यावर किती मांस-चरबी चढेल हे पुष्कळसं आईच्या देहात ठरतं.

गर्भाच्या वाढीत बापाचा हात दाखवणारी एक विलक्षण यंत्रणाही आहे. आपल्याला जवळजवळ प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती मिळतात, एक आईकडून आणि एक बापाकडून, आणि बहुतेक ठिकाणी दोन्ही काम करतात. काही मोजक्या जनुकांवर मात्र ती कुणाकडून आली याची खूण असते आणि त्यानुसार एक प्रत गप्प बसते. गर्भाची वाढ करणारं इन्सुलिनसारखं एक द्रव्य बनवणारं जनुक यांपैकीच आहे. त्याची बापाकडून आलेली प्रत चालते, आईकडून आलेली बंद असते. १९९० आणि १९९१ साली उंदरांवर झालेल्या प्रयोगांत हे स्पष्ट दिसलं. बापाकडून बिघडलेली प्रत आली तर पिल्लू नेहमीच्या सुमारे ६० टक्के वजनाचंच जन्मलं. तोच बिघाड आईकडून आला तर पिल्लाला काहीच झालं नाही. उंदरांत या द्रव्याला आवर घालणारं एक जनुकही आहे, आणि त्याची नेमकी आईकडची प्रत चालते. बापाकडची जनुकं ‘वाढ’ म्हणतात आणि आईकडची ‘बेतानं’ म्हणतात. यामागचं कारण डेव्हिड हेग या जीवशास्त्रज्ञानं मांडलं ते मला पटतं. आईला याही बाळंतपणातून निभावून पुढच्या लेकरांसाठी उरायचं असतं, त्यामुळे तिच्या बाजूनं काटकसर येते.

दोन पिढ्यांची जनुकं एकाच वेळी कशी ओढाताण करतात याचा सर्वांत स्वच्छ पुरावाही एक्सेटरचाच आहे. तिथल्या अँड्र्यू हॅटर्सली यांच्या गटानं १९९८ साली काही कुटुंबांचा अभ्यास प्रसिद्ध केला. या कुटुंबांत रक्तातली साखर ओळखणाऱ्या एका जनुकात बिघाड होता. बिघाड फक्त आईत असला तर तिची साखर चढी राहते, ती वारेतून बाळाकडे जाते आणि बाळ सुमारे ६०० ग्रॅमनी जड जन्मतं. बिघाड फक्त बाळात असला, म्हणजे बापाकडून आला असला, तर बाळाला साखर नीट ओळखता येत नाही. त्याचं इन्सुलिन कमी पडतं आणि ते ५०० ग्रॅमहून जास्त हलकं निघतं. दोघांतही असला तर वजन सर्वसाधारण. काट्यावर सरासरी वजन दिसलं म्हणून आत काहीच घडलं नाही असं म्हणता येत नाही, हे मला या अभ्यासानं शिकवलं.

आता दोन भूभागांतली माणसं जोडीनं संसार करू लागली की हे सगळं प्रत्यक्षात येतं. कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या डॉक्टरांनी २००८ साली आशियाई-गोऱ्या जोडप्यांच्या बाळंतपणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. आई आशियाई आणि बाप गोरा असलेल्या जोडप्यांत सुमारे ३३ टक्के बाळंतपणं शस्त्रक्रियेनं झाली होती. आई गोरी आणि बाप आशियाई असेल तर हे प्रमाण २३ टक्के होतं. दोन्हीकडे बाळ सारखंच मिश्र रक्ताचं, पण पहिल्या प्रकारात बापाच्या बाजूनं वाढलेलं बाळ तुलनेनं लहान कमरेच्या आईला जन्माला घालायचं असतं. आजही पुष्कळ दवाखान्यांच्या अर्जात बापाच्या उंचीचा रकाना नाही. तो असावा असं मला मनापासून वाटतं. त्याला खर्च काही लागत नाही.

इथवर वाचून कुणाला वाटेल की मूळ म्हणजे जनुकं आणि गर्भाशय, बाकी काही नाही. तर मग इलिनॉयकडे चला. अमेरिकेत काळ्या आयांची बाळं गोऱ्या आयांच्या बाळांपेक्षा हलकी जन्मतात हे फार पूर्वीपासून माहीत होतं आणि ‘ते वंशातच आहे’ असं सांगून विषय मिटवणारे पुष्कळ होते. शिकागोच्या रिचर्ड डेव्हिड आणि जेम्स कॉलिन्स या दोन डॉक्टरांनी साधा प्रश्न विचारला. हे जनुकांमुळे असेल तर आफ्रिकेत जन्मून अमेरिकेत आलेल्या बायकांची बाळं आणखी हलकी असायला हवीत, कारण अमेरिकेतल्या काळ्या लोकांत पिढ्यान्‌पिढ्या गोऱ्या रक्ताची भेसळ झाली आहे. त्यांनी इलिनॉय राज्यातल्या १९८० ते १९९५ या काळातल्या जन्मनोंदी काढल्या. १९९७ साली छापून आलेले आकडे असे होते: अमेरिकेत जन्मलेल्या गोऱ्या आयांच्या बाळांचं सरासरी वजन ३,४४६ ग्रॅम, आफ्रिकेत जन्मलेल्या काळ्या आयांच्या बाळांचं ३,३३३ ग्रॅम आणि अमेरिकेत जन्मलेल्या काळ्या आयांच्या बाळांचं ३,०८९ ग्रॅम. थेट आफ्रिकेतून आलेल्या बायका गोऱ्या बायकांच्या जवळ होत्या. दूर होत्या त्या अमेरिकेतच जन्मून वाढलेल्या काळ्या बायका.

याच गटानं पुढे पिढ्या जोडून पाहिल्या. युरोपातून आलेल्या गोऱ्या बायकांच्या लेकींना अमेरिकेत झालेली बाळं आधीच्या पिढीपेक्षा जड निघाली. आफ्रिकेतून आणि कॅरिबियन बेटांवरून आलेल्या काळ्या बायकांच्या लेकींना झालेली बाळं मात्र हलकी निघाली. देश तोच, दवाखाने तेच, आणि एकीचं वजन चढलं, दुसरीचं उतरलं. जनुकं एका पिढीत बदलत नाहीत. बदललं ते आयुष्य. त्या मुलीला लहानपणापासून मिळालेली वागणूक, तिची वस्ती, तिच्या मनावरचा आणि शरीरावरचा रोजचा ताण हे सगळं तिच्या बाळाच्या वजनात उतरतं. हे आकडे मी पहिल्यांदा वाचले तेव्हा सुन्न झालो होतो, आणि आजही तसाच होतो.

मग देश बदलला, चांगलं खायला मिळालं, की आपलीही बाळं एका पिढीत साउदम्प्टनच्या बाळांसारखी होतील का? इथे गोष्ट पुन्हा वळण घेते. ५ जून १८७३ रोजी ‘लल्लारूख’ नावाचं जहाज दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनामला लागलं. त्यात उत्तर हिंदुस्थानातले, मुख्यतः आजच्या उत्तर प्रदेश-बिहारकडचे, करारावर नेलेले मजूर होते. त्यांची चौथी-पाचवी पिढी आज तिथे नांदते आहे. राजधानी पारामारिबोत या पिढीच्या नवजात बाळांची मापं घेऊन ती २००९ साली प्रसिद्ध झाली. शंभरावर वर्षं उलटली, खंड बदलला, तरी बाळांची ठेवण पुण्याकडच्या बाळांशी मिळतीजुळती होती. इंग्लंडमध्ये जन्मून वाढलेल्या दक्षिण आशियाई आयांची बाळंही पहिल्या पिढीच्या तुलनेत फारशी जड झाली नाहीत, असं साउदम्प्टनच्याच नोंदी सांगतात.

कॅलिफोर्नियाचा एक अभ्यास तर डोळे उघडणारा आहे. भारतात जन्मलेल्या आया तिथे उच्चशिक्षित, विमा असलेल्या, वेळेवर तपासणीला जाणाऱ्या. मेक्सिकोत जन्मलेल्या आया कमी शिकलेल्या, कमी पैशांच्या. कमी वजनाची बाळं मात्र भारतीय आयांना जास्त. शिक्षण आणि पगार एका पिढीत येतात. आजीच्या पोटात, आईच्या बालपणात जे घडून गेलं ते असं चटकन पुसत नाही, आणि जनुकांचा जो वाटा आहे तोही आपल्या जागी असतोच.

पण ही ठेवण म्हणजे नेमकं काय? चिमटा घेऊन गेलेल्या माणसांच्या कष्टाचं मोल इथे कळतं. पुण्याकडची बाळं साउदम्प्टनच्या बाळांपेक्षा सगळ्याच मापांत लहान होती, पण सारख्या प्रमाणात लहान नव्हती. सर्वांत जास्त तफावत पोटाच्या घेरात होती, म्हणजे यकृतासारखे आतले अवयव लहान होते. दंडाचा घेर बराच कमी, म्हणजे स्नायू कमी. लांबीतली तफावत त्या मानानं थोडी. आणि पाठीवरच्या कातडीच्या घडीत, म्हणजे चरबीत, सर्वांत कमी. वजनानं पाऊण पट असलेल्या या बाळांनी चरबी मात्र जपून ठेवली होती. याज्ञिकांनी अशा बाळाला कृश पण मेदयुक्त म्हटलं. दिसायला बारीक, आतून चरबी राखून. पुढे पुण्यातल्या आणि लंडनमधल्या बाळांचं एमआरआय केलं तेव्हा भारतीय बाळांच्या पोटात चरबी जास्त असल्याचं थेट दिसलं. नाळेच्या रक्तातही इन्सुलिन जास्त आढळलं.

आपल्याकडे बाळ भरू लागलं की ‘बाळसं धरलं’ म्हणतात. फार गोड शब्द आहे तो. पण बाळसं कशाचं, स्नायूंचं की चरबीचं, हे डोळ्यांना कळत नाही. याचं मोठेपणीचं रूप एका छायाचित्रात अजरामर झालं आहे. २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात याज्ञिक आणि त्यांचे लंडनचे सहकारी जॉन युडकिन यांचं शेजारी शेजारी उभं छायाचित्र आलं. उंचीच्या मानानं वजन दोघांचंही अगदी सारखं, बीएमआय २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. पुण्या-मुंबईत चाळिशीतच सडपातळ माणसांना मधुमेह का गाठतो, याचा एक धागा पाळण्यापर्यंत जातो.

भूगोल म्हणजे फक्त देश नव्हे, उंचीसुद्धा. समुद्रसपाटीपासून दर हजार मीटर वर गेलं की जन्मवजन साधारण शंभर ग्रॅमनी घटतं, कारण हवेतला प्राणवायू विरळ होतो. बोलिव्हियातलं ला पाझ शहर ३,६०० मीटरवर आहे. तिथे संशोधकांनी आईबापांच्या आडनावांवरून त्यांचं मूळ ताडलं. अँडीज पर्वतातल्या मूळ रहिवाशांची आडनावं वेगळी, स्पॅनिश वसाहतवाल्यांची वेगळी. त्या उंचीवर हजारो वर्षं काढलेल्या लोकांची बाळं युरोपीय वंशाच्या लोकांच्या बाळांपेक्षा जड भरली. युरोपीय घराणी तिथे चारशे वर्षं असतील, पण ती मुदत अपुरी पडली.

आता प्रश्न दवाखान्यातल्या तक्त्याचा. न्यू जर्सीला किंवा लंडनला लेकीच्या बाळंतपणाला गेलेल्या आज्यांना तो अनुभव ओळखीचा असेल. सोनोग्राफी होते, डॉक्टर वाढीच्या तक्त्यावर बोट ठेवून सांगते की बाळ खालच्या रेषेच्याही खाली आहे, आणि घरात चिंता शिरते. आजी म्हणते, अगं, तूही अडीच किलोचीच होतीस. दोघींपैकी कोण बरोबर?

यावर जगभरच्या तज्ज्ञांचं अजून एकमत झालेलं नाही. एका बाजूला ऑक्सफर्डहून चालवलेला इंटरग्रोथ-२१ हा मोठा अभ्यास आहे. ब्राझील, इटली, ओमान, इंग्लंड, अमेरिका, चीन, केनिया आणि भारत अशा आठ देशांतली एकेक जागा त्यात होती. भारतातली जागा होती नागपूर. निरोगी, सुस्थितीतल्या, चांगलं खाणाऱ्या गर्भवती निवडल्या. २०१४ साली निष्कर्ष आला की गर्भाच्या डोक्याचा घेर आणि बाळाची जन्मलांबी यांत जो फरक दिसतो त्यातला फार तर साडेतीन टक्के भाग ठिकाणामुळे असतो. बाकी सगळा फरक एकाच गावातल्या बाळाबाळांत. म्हणून साऱ्या जगाला एकच तक्ता पुरे, असं त्यांचं म्हणणं. दुसऱ्या बाजूला जागतिक आरोग्य संघटनेचा दहा देशांतला अभ्यास आहे, भारतासह. तोही निरोगी बायकांचाच. २०१७ साली आलेल्या त्याच्या निकालात गर्भाच्या वजनात देशादेशांत फरक आढळला.

मला इंटरग्रोथबद्दल आदर आहे, पण त्याच्या निवडीची एक अट वाचताना मी थबकलो. त्यात घेतलेल्या आयांची उंची किमान १५३ सेंटिमीटर आणि बीएमआय किमान १८.५ हवा होता. याज्ञिकांच्या सहा खेड्यांतल्या आयांची सरासरी उंची १५२ सेंटिमीटर आणि बीएमआय १८ च्या आसपास. म्हणजे त्या खेड्यांतली सर्वसाधारण आई त्या अभ्यासात दोन्ही निकषांवर बसली नसती. सुस्थितीत वाढलेल्या बायकांची बाळं जगभर एकमेकांसारखी असतात, हे कळणं मोलाचं आहेच. पण ज्या आईचं बालपण तसं गेलंच नाही, तिच्या बाळाचं आज काय करायचं?

कॅनडात टोरांटोच्या संशोधकांनी मधला मार्ग काढला. ओंटारिओ प्रांतात जगभरातून आलेल्या आया बाळंत होतात. त्यांनी आईच्या जन्मप्रदेशानुसार वेगळे तक्ते तयार केले आणि कॅनडाच्या सरसकट तक्त्याशी ताडून पाहिले. सरसकट तक्त्यावर ‘लहान’ असा शिक्का बसलेली दक्षिण आशियातली पुष्कळ बाळं खरं तर धडधाकट होती. वेगळ्या तक्त्यावर जी लहान ठरली त्यांनाच जन्मानंतर त्रास होण्याचा धोका अधिक नेमका दिसला. त्याच गटानं पुढे बापाच्या जन्मप्रदेशाकडेही लक्ष वेधलं, कारण आई एकीकडची आणि बाप दुसरीकडचा असला तर दोन्ही तक्ते चुकीचे ठरू शकतात. ब्रिटनमध्ये जेसन गार्डोसी यांनी १९९२ पासून आईची उंची, वजन, कितवी खेप आणि मूळ हे धरून प्रत्येकीला तिचा तक्ता देण्याची पद्धत रुजवली.

या वेगळ्या तक्त्यांना माझा पाठिंबा आहे, एका अटीवर. उपचाराच्या खोलीत ते उपयोगी आहेत. विनाकारण कळा आणून बाळ लवकर काढणं त्यांनी टळतं, आणि धडधाकट बाळाच्या आईची झोप उडत नाही. पण तोच तक्ता सरकारच्या किंवा समाजाच्या हातात ‘आपल्याकडे असंच असतं’ म्हणायचं साधन झाला, तर तो घातक आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, वजनाची नोंद असलेल्या बाळांपैकी सुमारे १८ टक्के बाळं अडीच किलोच्या खाली होती. त्यांना लहानखुऱ्या वंशाच्या नावे सोडून देता येणार नाही. इलिनॉयमध्ये नेमकं तेच चाललं होतं.

आणि बदलता येण्यासारखं काय आहे, याचंही उत्तर पुण्याजवळच्या त्याच खेड्यांतून आलं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या शोभा राव यांनी तिथल्या गर्भवतींच्या आहाराचा बारकाईनं अभ्यास केला. या बायका दिवसाला जेमतेम १,८०० कॅलरी खात होत्या. भाकरीचा आकडा किती हे बाळाच्या आकाराशी जुळलं नाही. जुळलं ते मेथी-पालकासारख्या पालेभाज्या, दूध आणि फळं किती वेळा ताटात आली हे. त्याच अभ्यासात, विहिरीवरून पाणी आणण्यापासून शेतातल्या कामापर्यंत जी बाई जास्त राबत होती तिचं बाळ हलकं भरलं. बाळ मोठं झालं तर सुटका अवघड जाईल, म्हणून पोटुशी बाईनं बेतानंच खावं, असं सांगणाऱ्या जुन्या बायका अजूनही भेटतात. त्यामागची भीती खरी होती. दवाखाना कोसावर होता. आज ती सल्ला म्हणून पुढे जाऊ नये.

मुंबईच्या झोपडपट्ट्यांत डॉ. रमेश पोतदार आणि इंग्लंडच्या कॅरोलिन फॉल यांनी याच धाग्यावर मोठा प्रयोग केला. हजारो बायकांना, दिवस राहायच्या आधीपासून, रोज एक खाऊ. निम्म्यांच्या खाऊत पालेभाजी, फळं आणि दूध. निम्म्यांच्या खाऊत बटाटा-कांद्यासारखं साधं काही. निकाल २०१४ साली आला. सरसकट सगळ्यांत वजन फारसं वाढलं नाही. गर्भ राहण्याआधी किमान तीन महिने ज्या खात होत्या त्यांच्या बाळांत सरासरी ४८ ग्रॅम वाढले. गर्भारपणातला मधुमेह मात्र साधा खाऊ खाणाऱ्यांत १२.४ टक्के, तर पालेभाजी-फळांचा खाऊ खाणाऱ्यांत ७.३ टक्केच निघाला. आठशेपैकी अठ्ठेचाळीस. पण त्या अठ्ठेचाळीस ग्रॅमनी एक गोष्ट सांगितली. दिवस गेल्यावर सुरुवात करणं उशिराचं असतं. वार रुजते ती पहिल्या आठवड्यांत, बाईला नुकतं कुठे कळलेलं असतं तेव्हा.

त्याहीआधी जायला हवं, हे याज्ञिकांच्या गटानं मनावर घेतलं. १९९४ ते १९९६ मध्ये ज्यांच्या पाठीवर चिमटा लावला होता ती बाळं २०१२ साली सोळा ते अठरा वर्षांची झाली होती. तेव्हा त्यांच्यावर नवा अभ्यास सुरू झाला. आपल्या शाकाहारी ताटात हमखास कमी पडणारं बी-१२ जीवनसत्त्व त्यांना लग्नाच्या आधीच द्यायचं आणि मग त्यांच्या मुलांची वाट पाहायची. त्यात मुली होत्या, आणि मुलगेही होते. पुढे त्यांची लग्नं झाली, पाळणे हलले, आणि केईएमची माणसं पुन्हा तोच काटा, तीच पट्टी, तोच चिमटा घेऊन त्या घरांत गेली. या वेळी वहीत बाळाच्या मापांशेजारी त्याच्या आईची किंवा बापाची जन्माच्या वेळची मापंही होती. बाळ मूळचं कुठलं, याचं इतकं नेमकं उत्तर फार थोड्या घरांना मिळालं असेल.